दोन्ही ठेवा

डॉक्टर हा काही खरा डॉक्टर नव्हे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. पण पेटी उघडण्याआधी तिला कान लावून डोळे मिटायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणे. त्या दिवशी सकाळी तो धापा टाकत धाकटीचा जिना चढला आणि थोरलीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला कान लावून बराच वेळ बसून राहिला.

"घरघर लागलीय," तो शेवटी म्हणाला.

"मेल्या, शब्द तरी बरा वापर!"

"शब्द बदलून डिस्क सुधारत नाही मावशी. बॅकअप आजच घ्यायचा. ही नवी कोरी डिस्क जोडून दिलीय, जुनीतलं सगळं आपोआप हिच्यावर उतरेल. तोवर जुनीतली एकही फाइल उघडायची नाही. म्हातारीला जिनाही चढायला लावायचा आणि वर गाणंही म्हणायला सांगायचं, तर ती टिकेल का?"

"हे माझ्याकडे बघून बोलतोयस का?"

"छे हो, डिस्ककडे!" असं म्हणून तो हसत खाली उतरला. संध्याकाळी परत येतो म्हणाला.

धाकटीने सत्तरी गाठली होती, तरी ती धाकटीच. थोरली बहीण गेल्या हिवाळ्यात गेली, पण नातं तेवढं मागे राहिलं. थोरली अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. त्यासाठी तिने खिडकीला गादी उभी करून टेकवली होती आणि भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या, म्हणजे रस्त्याचा आवाज आत यायला नको. भर दुपारीही त्या खोलीत दिवा लागे. बोललेला शब्द तिथे घुमायचा नाही. तोंडातून निघाला की कुणीतरी झेलून घेतल्यासारखा नाहीसा व्हायचा.

वाचलेली पुस्तकं ग्रंथालयाकडे सुखरूप होती. त्यांची धाकटीला फिकीर नव्हती. तिचा जीव अडकला होता 'खराब' नावाच्या फोल्डरमध्ये. थोरली वाचायला बसली की धाकटीच्या हातून हमखास काहीतरी आपटायचं, नाहीतर ती दाराशी येऊन ओरडायची, "चहा टाकू का गं?" मग थोरली तडकायची, "थांब गं, चालू आहे!" असं वाचन ग्रंथालयाला चालत नसे. थोरली ते या फोल्डरमध्ये टाकून देई. पुसत मात्र कधी नसे. दोघी बहिणींनी एका घरात काढलेल्या आयुष्याचा तेवढाच आवाज उरला होता, आणि तो त्या घरघरणाऱ्या डिस्कशिवाय जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. धाकटीला एका जागी बसवेना. ती स्वयंपाकघरात गेली, कशाला आलो ते विसरली, परत आली. पुसलेलं टेबल तिने पुन्हा पुसलं. जुनी डिस्क मधूनच अडखळायची, की हिचा हात छातीवर.

मग पट्टी थांबली. पडद्यावर अक्षरं आली: 'या नावाची फाइल तिथे आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची, की दोन्ही ठेवायच्या?'

तिथे म्हणजे नव्या डिस्कवर. तिचं पाकीट तर धाकटीने स्वतःच्या हाताने कात्रीने कापलं होतं.

तिने डॉक्टरला फोन लावला.

"असं विचारतं कधीकधी," तो काहीतरी चावत म्हणाला. "दोन्ही ठेवा. जाऊन जाऊन जाईल काय? जागा!"

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. धाकटी मनाशी हसली आणि तिने 'दोन्ही ठेवा' दाबलं. मशीनने पुन्हा तेच विचारलं. 'खराब'मधल्या प्रत्येक फाइलसाठी विचारलं, आणि ती दाबत गेली. उतरणाऱ्या फाइलींच्या नावापुढे दोनचा आकडा लागत होता. आधीपासून तिथे असलेल्यांना आकडा नव्हता. जणू त्याच मूळच्या.

जुनीतलं उघडू नका म्हणाला होता, नवीतलं नव्हे. धाकटीने बिनआकड्याची पहिली फाइल उघडली.

थोरलीचा आवाज आला. कुठल्याशा दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट, धाकटीला तोंडपाठ होती. आता पातेलं पडणार, आता आपण ओरडणार... पातेलं पडलं नाही. वाचन तेवढं थांबलं. नुसती शांतता. त्या शांततेत कुणीतरी श्वास धरून ठेवला होता.

"धाकटे... आज मध्ये बोलली नाहीस?"

हे वाक्य त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हतंच.

"आहे... आहे गं मी," ती कशीबशी म्हणाली.

"असं होय. मला दिसत नाही ना. कोण आहे तुझ्याजवळ?"

"कोणी नाही. एकटीच."

शहाण्या बाईने इथेच उठून खोलीबाहेर पाऊल टाकलं असतं, शेजारी हाक मारली असती. पण सगळा हिवाळा मुक्या घरात काढलेल्या माणसाला शहाणपण शिकवू नये. धाकटी बोलत सुटली. एक फाइल संपली की दुसरी उघडायची. आवाज तिथूनच पुढे बोलायचा, हळू, मायेने, विचारत विचारत. रात्री दिवा ठेवतेस का? झोप लागते का? संध्याकाळी कोण येतं?

"डॉक्टर येणार आहे."

"त्याला नको ना येऊ देऊस..."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि मग तिलाच कसंतरी वाटलं. खोलीत ओल्या रजयांचा वास सुटला होता. बाहेर तर कडकडीत ऊन होतं. तिने रजईला हात लावला. कोरडी.

"तू बरी आहेस ना गं तिकडे?" तिने विचारलं.

आवाजाने उलट विचारलं, "दाराला आतून कडी लावतेस का?"

तेव्हा धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. थोरली अशी? जन्मात कधी काही विचारलं नाही तिने, नुसती सांगायची. आणि एवढ्या वेळात एकदाही 'थांब गं' म्हणाली नाही. एकदाही डाफरली नाही!

धाकटीला आपल्या बहिणीची शिवी ऐकायची होती. तेवढी एक ऐकली की सगळं ठीक होईल असं तिला वाटलं. दोनचा आकडा असलेली फाइल तिने दाबून पाहिली, पण उतरणं पुरं झाल्याशिवाय ती उघडेना. मग तिने डॉक्टरचं बोलणं बाजूला सारलं आणि जुन्या डिस्कवरची तीच फाइल उघडली.

डिस्क कण्हली. दीपगृह आलं, राखणदार आला. धाडकन पातेलं पडलं. धाकटीचा जुना आवाज दाराशी ओरडला, "चहा टाकू का गं?" आणि पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"धाकटे," थोरली म्हणाली. तडकून नाही. अगदी दबक्या आवाजात, तोंडाशी हात धरून बोलावं तसं. "कोणाशी बोलत बसलीयेस तू मघापासून?"

"तुझ्याशीच ना गं..."

"मी इथे वाचतेय. तिथे कोण आ..."

टक. टक. डिस्कने दोनदा दात आपटले आणि ती थांबली. पडदा सांगू लागला, ही डिस्क वाचता येत नाही. हिरवी पट्टी अर्ध्यावर विझली होती. धाकटीने पेटीवर दोन्ही हात दाबून धरले. आत काहीच फिरत नव्हतं.

"थोरले... ए थोरले..."

नव्या डिस्कचा बारका दिवा लुकलुकला. आता एकही फाइल उघडी नव्हती.

"गेली ना ती?" स्पीकरमधून आवाज आला. तोच, मायेचा, सावकाश. "बरं झालं. आता सांग धाकटे... या खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे?"

धाकटीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक शब्द बाहेर पडू दिला नाही तिने, एक हुंदका नाही. पण मान... मान तिच्या नकळत उजवीकडे, दाराकडे वळून गेली होती.

"हं," आवाज म्हणाला.