बेटावरचे सभासद

आमच्या मंडळाचे सभासद कागदावर पुष्कळ. त्या दिवशी कॉनिस्टन तळ्याच्या काठावर उगवलो तिघंच. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाच्या नातवाची क्रिकेट मॅच होती. सुट्टीत बेटावर तंबू ठोकणाऱ्या मुलांचं एक पुस्तक आम्ही लहानपणी वाचलं होतं. साठी उलटली तरी दर ऑगस्टला बेटावर जाऊन, चूल पेटवून ते मोठ्याने वाचायचं. वेडेपणाच, पण आमचा!

"यंदा गाशा गुंडाळू या," होडीत बसता बसता मी म्हणाले. चिटणीस मी, लोकांच्या विनवण्या करून मेटाकुटीला आले होते.

"तू गुंडाळ तुझा," अँब्रोज वल्हं मारत म्हणाला. "बायको गेली, दुकान गेलं. मला वर्षात हा एकच दिवस उरलाय गं."

म्युरिएलने आल्याचा केक मांडीवर घट्ट धरला.

आमची एक रीत आहे. बेटावर जो आधी पोचेल त्याने धूर करायचा आणि येणाऱ्याला हटकायचं. पहिल्या उन्हाळ्यात मिळालेलं टोपणनाव सांगितल्याशिवाय होडी टेकवायची नाही.

वळण घेतलं, तर बेटावर धूर.

"अगं बाई, आलं की कुणीतरी!" मला केवढा आनंद झाला. ओल्या लाकडाचा तो झोंबरा वास आला आणि लहानपणचे उन्हाळे आठवले.

"कोण येतंय?" झाडीतून आवाज आला. लहान मुलाचा.

"नवे सभासद!" म्युरिएल कुजबुजली. "मुलांना आणलंय कुणीतरी."

"पाणकोंबडा!" अँब्रोज ओरडला.

"किती उशीर रे, पाणकोंबड्या! चहा केव्हाचा उकळतोय."

काठाला दुसरी होडी नव्हती. चुलीवर किटली वाफाळत होती. जवळ कुणीच नव्हतं.

अँब्रोजने टुणकन उडी मारली. एरवी त्याला हात धरून उतरवावं लागे.

"बघून येतो," म्हणाला आणि ओल्या चिखलातून आत गेला.

बेट ते केवढंसं! तो परतेना, तेव्हा हाका मारत आम्ही सगळं पालथं घातलं. मग म्युरिएलने माझा दंड धरून खाली दाखवलं. अँब्रोजच्या बुटांचे ठसे झाडीकडे गेले होते. पुढे ते अनवाणी झाले होते.

त्याच्याही पुढे, लहान.

"अँब्रोज!" मी किंचाळले.

"मंडळ बंद करायचं नाही हं!" कोवळा आवाज आला, आणि पुष्कळ मुलं हसली.

म्युरिएल रडत होती. "सुखात वाटतो गं," ती म्हणाली.

पोलीस आले, पाणबुडे आले, सगळं झालं. मंडळ बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

या ऑगस्टला झाडून सगळे येताहेत. परवाच्या बैठकीत होड्या ठरल्या, जाताना कोण वल्हवणार तेही ठरलं. येतानाचं कुणीच विचारलं नाही. मीही नाही.