उबपेटीचं दार

माझ्या पेशींपासून वाढवलेले गोळे नष्ट करण्यात आले. गोष्ट मात्र तसं काही झालंच नाही असं धरून सांगतो.

क्योतोतल्या आमच्या प्रयोगशाळेत कातडीच्या पेशींना उलटं चालवत पार बालपणात नेतात आणि त्यांच्यापासून भ्रूणासारखे गोळे वाढवतात. भ्रूण नव्हेत, भ्रूणासारखे. आमचे पगार त्या ‘सारखे’वर चालतात. एका दात्यानं ऐनवेळी नकार दिला, तेव्हा कुझेसाननी माझ्याच दंडाची चिमूटभर कातडी घेतली. कुझेसान माझे वरिष्ठ. मला जेवायला नेणारे, माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घेणारे.

“नमुन्यापुरतं रे, मिनासे. नंतर फेकून देऊ.”

गोळे वाढू लागले आणि मला थंडी वाजू लागली. आधी मी जाड बनियन घातला. मग एकदा भर दुपारी कॅन्टीनमध्ये, वाफाळत्या उदोन शेवयांसमोर माझे दात वाजले. वर प्रयोगशाळेत गेलो, तर गोळे ठेवलेल्या उबपेटीचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. गोळे ताटलीच्या माझ्याकडच्या कडेला जमले होते. मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. तेही आले. सावकाश.

“कुझेसान, फेका ते.”

“घाबरलास? स्वतःच्याच पोरांना?” ते हसले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, “बरं, फेकतो. शप्पथ.”

प्रयोगात मेलेल्या उंदरांसाठी दर शरदात आम्ही मागच्या अंगणातल्या शिळेपुढे फुलं वाहतो. यंदा कुझेसाननी मला एक शेवंती जास्तीची दिली.

“तुझ्या गोळ्यांसाठी. सकाळीच फेकले.”

मला भरून आलं. फूल ठेवलं, डोळे मिटून वाकलो. पाठीवर छान ऊन होतं.

थंडी हाडांत शिरली.

मान वर केली. रांगेत कुझेसान नव्हते.

जिने चढून गेलो. उबपेटी सताड उघडी. कुझेसान पाठमोरे, ताटलीवर वाकलेले.

“शप्पथ घेतली होती तुम्ही,” मी दारातून म्हणालो.

ते वळले नाहीत. ताटलीलाच म्हणाले, “हो रे, मिनासे. रागावू नकोस. लावतो दार.”

त्यांनी दार लावलं.

मला ऊब आली.

अंधार झाला.

सबब, संबंधितांना नम्र विनंती की, उबपेटी उघडण्यापूर्वी टकटक करावी आणि आतून होकार आल्याशिवाय दार उघडू नये.