अंधाऱ्या पंधरवड्याचा वेळू

सावळाराम जमादाराने खोपीच्या कुलपाला हात घातला आणि आतून आवाज आला. कुर्र... कुर्र... जरा थांबून पुन्हा कुर्र.

आत बसून कुणी वेळू तासावा, तसा.

भर दुपार होती. मार्गासनी गावाच्या वरच्या अंगाला चार घरांचा धनगरवाडा. पंच म्हणून आणलेला रायबा चार पावलं मागे सरला.

"हात लावू नगा," चंद्राबाई म्हणाली. "त्यांचं काम चाललंय."

'ते' म्हणजे तिचा नवरा बिरू, तिरकमठे करणारा. महिन्यापूर्वी पुण्याच्या एका व्यायामशाळेत त्याच्या शिक्क्याचा कमठा ओढताना मोडला आणि एका खेळाडूचा डोळा गेला. पुढे दहा दिवसांनी बिरू घरातून गेला, तो गेलाच. वाड्यावरचे म्हणत, तो मेला. तालुका म्हणे, पळाला. जमादाराच्या खिशात त्याचं वॉरंट होतं. मोडक्या कमठ्याचे तुकडे त्याने चौकीत पाहिले होते. हाताला पांढरी भुकटी लागली, ती त्याने चड्डीला पुसली होती.

भोर संस्थान गेलं, जमादाराच्या टोपीवरचा बिल्ला बदलला. दमा आणि हट्ट तेवढे जुनेच राहिले.

"कधीपासून येतो हा आवाज?"

"ते गेले त्याच सांजेपासनं. म्या मेंढरं घेऊन आले, तर आत चाललं व्हतं. दार वाजवलं की गप्प. मंग पुन्यांदा सुरू." तिने उंबऱ्याशी ठेवलेली भाकरी नीट झाकली. "रोज ठिवते. रोज जाती."

भाकरी कुत्रं नेत असणार, हे जमादाराला कळत होतं. तरी तो उंबऱ्यापासून जरा बाजूला सरला.

"किल्ली?"

"एकच. त्यांच्या करगोट्याला."

"फोडा हो कुलूप," मागून आनंदराव म्हणाले. भोरला त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. बिरूचा सगळा माल तेच घेत, आणि फिर्यादही त्यांचीच. "आयुष्यात पहिल्यांदा हा डोंगर चढलोय, जमादार. उगाच हेलपाटा नको."

"बिरूला काय देत होता?"

"नगाला चार रुपये."

"पुण्यात विकत कितीला?"

"बावीस."

"म्हणजे अठरा रुपये मधल्या मधे?"

"दुरून डोंगर साजरे! गाडीभाडं, दुकानभाडं, सहा-सहा महिन्यांची उधारी. हाती काय राहतं ते आम्हाला विचारा."

कुलूप फुटलं. आत माणूस नव्हता. आवाजही थांबला. भिंतीला तीसेक कमठे टांगलेले, प्रत्येकावर बिरूचा शिक्का. खाली जमिनीवर पांढरी भुकटी. रायबाने बिरोबाचं नाव घेतलं.

जमादाराने भुकटी चिमटीत धरली.

"बाई, वेळू कधी तोडायचे ते?"

"अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यातल्या वेळूला किडा धरतो. मंग दोन म्हैने पाण्यात. गिऱ्हाईक दारात बसलं तरी आधी काढायचे न्हाईत."

"मग तो पाण्यातला साठा बघूया."

"आता त्या डोहात कोण उतरणार?" आनंदराव म्हणाले. "एवढाले दगड ठेवलेत वर."

जमादाराने एक कमठा कानाशी धरला. थोड्या वेळाने वेळूच्या पोटातून आलं, कुर्र... कुर्र...

"भुंगा आहे, रायबा, लाकूड पोखरणारा. घरच्या वाशात ऐकला असतास तर झोपेतही ओळखला असतास. पण बिरूच्या खोपीत भुंगा? त्यापेक्षा भूत खरं वाटलं तुम्हाला! आणि तुमचं बरोबरच होतं. बिरूच्या वेळूला भुंगा लागत नाही, म्हणजे हे कमठे बिरूचे नाहीत. पुण्यात मोडला त्यातही हीच भुकटी होती."

तो आनंदरावांकडे वळला.

"चार रुपयेही जड झाले तुम्हाला. बारा आण्यांत दुसऱ्याकडून करून घेतले, वर बिरूचा नकली शिक्का मारला. अठराचे सव्वाएकवीस सुटायला लागले. डोळा गेला तेव्हा बिरू म्हणाला असेल, हा माझा नव्हे, चौकीत सांगतो. मग दोष त्याच्याच माथी मारायला हा माल इथे आला. दिवसा सगळा वाडा मेंढरांमागे असतो, बघतो कोण? पण कुलूप शाबूत होतं आणि किल्ली बिरूच्या कंबरेला. ती ज्याने काढली, त्यानेच माल ठेवला. मी नुसतं पाणी म्हणालो, आनंदराव. डोह आणि दगड तुम्ही म्हणालात. पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्याला ते दिसले कधी?"

आनंदरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"तो ऐकेचना," ते म्हणाले. "दुकान गेलं असतं माझं."

संध्याकाळच्या आत डोहातले दगड निघाले. वेळूच्या भाऱ्याखाली बिरू होता. करगोटा तुटलेला, किल्ली नाही.

जमादाराने चंद्राबाईसमोर वॉरंट फाडलं. तसं फाडायची रीत नाही, पण फाडलं.

ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हंजी आत... ते न्हवते?"

"नाही, बाई."

"वीस दिस म्या बोलत व्हते त्याच्यासंगं."

पुराव्याचे कमठे बांधले जात होते. "एक ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. त्याने एक भिंतीला टेकवून ठेवला.

तो उतारावर लागला तोच ती मागून धावत आली. हातात तोच कमठा.

"न्या ह्यो बी. किडका वेळू त्यांनी खोपीत ठिवला नसता."

परत जाऊन तिने दार ओढून घेतलं. खोपीतून आता काहीच ऐकू येत नव्हतं. जमादाराच्या खांद्यावरचा भारा मात्र मार्गासनी येईपर्यंत कुरकुरत होता.