कुजबुजणारा वाटा

मटण बोलू लागलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

हसू नका. लेकीच्या घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी अकरा वर्षांची नात रेणू. ते दोघांनीही ऐकलं.

ऐकलं ते 'कानोसा'मधून. मी जन्मभर जीवाणूंचा (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकाच पेशीच्या सजीवांचा) अभ्यास केला. हे जीवाणू एकमेकांना रसायनांच्या खुणा पाठवतात. आपली गर्दी किती जमली, हे त्यांना त्यावरून कळतं. निवृत्त झाल्यावर मी जुन्या श्रवणयंत्राची मोडतोड करून त्या खुणांचं आवाजात रूपांतर करणारं यंत्र बनवलं, तोच हा कानोसा. शेजारी म्हणतात, आबांचं डोकं फिरलंय. म्हणू देत. त्यांचं दूध नासणार हे मला त्यांच्याआधी कळतं.

तर, ओट्यावर परातीत चार किलो मटणाचा एकच दगडासारखा गोळा होता. जत्रेच्या बोकडांचे आमच्या वाडीत नऊ घरांत नऊ वाटे पडतात. घरातलं माणूस परमुलखात असेल, तर ते येईपर्यंत त्या घराच्या वाट्याला सुरी लावायची नाही, अशी इथली रीत. रेणूची आई, म्हणजे माझी लेक शर्वरी, चौदा महिने चंद्रावरच्या तळावर होती. म्हणून तो वाटा अख्खाच्या अख्खा तीन महिने फ्रीजरमध्ये पडून होता. शर्वरी उद्या दुपारी घरी येणार होती, आणि जावई तिला आणायला गेला होता. तिचा निरोप एका ओळीचा होता: "जत्रेचं मटण ठेवलंय ना?"

रेणूने सकाळी नऊलाच तो गोळा बाहेर काढून ठेवला होता. वैशाखाचं ऊन, स्वयंपाकघरात छत्तीस अंश.

"आबा, लवकर या!" ती ओरडली. कानोशाची सुई गोळ्याला टेकलेली, आणि तिचा चेहरा पांढरा पडलेला. "सकाळी हे गप्प होतं. अगदी दगडासारखं. आता आत कुणीतरी आहे."

मी यंत्र कानाला लावलं. कुजबुज. बंद दाराआड पुष्कळ माणसं दबक्या आवाजात बोलत असावीत तशी. शब्द कळत नव्हते, पण सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, एवढं नक्की.

"आता सुई आत खोल खुपस," मी म्हणालो.

तिने खुपसली. आत शुकशुकाट.

"बाहेर गर्दी आणि आत स्मशान? असं कसं?"

"मोठा गोळा बाहेरून आधी वितळतो. आतला बर्फ सुटेपर्यंत बाहेरचा थर तासन् तास गरम राहतो. साधारण पाच ते साठ अंशांच्या मधलं तापमान म्हणजे जीवाणूंची जत्रा. अनुकूल उबेत एकाचे दोन व्हायला वीस मिनिटं पुरतात. तू चार तास दिलेस. कर हिशोब."

ती बोटांवर मोजत राहिली. दोन, चार, आठ... बारा वेळा दुप्पट. "चार हजार शहाण्णव! एकाचे?"

"एकाचे. आणि सुरुवातीला तिथे एकच होता, असं तुला कोणी सांगितलं?"

तिने परात उचलली. "मग पटकन परत फ्रीजरमध्ये टाकूया. थंडीने मरतील. आईला कळणारसुद्धा नाही."

मी वरच्या थराचा एक तुकडा चिमट्याने तोडून माझ्या झटपट गोठवणाऱ्या डबीत ठेवला आणि कानोसा तिच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. आवाज एकेक करून विझले. शेवटचा एक बराच वेळ रेंगाळला, मग तोही गेला.

"मेले!" ती हसली.

मी तो तुकडा खिडकीतल्या उन्हात ठेवला. दहा मिनिटं काहीच नाही. भिंतीवर पाल चुकचुकली तेवढीच. मग यंत्रात काहीतरी हललं. एक आवाज. दहा. आणि अचानक सगळेच्या सगळे, जिथे थांबले होते तिथूनच, जणू कुणी मधे दार लावलंच नव्हतं.

रेणूने यंत्र हातातून टाकलं.

"गोठवलं की बहुतेक जण मरत नाहीत, झोपतात," मी म्हणालो. "जेवढे झोपतात, जवळजवळ तेवढेच उठतात."

"मग खूप शिजवू. कुकरच्या दहा शिट्ट्या करू."

"जीवाणू मरतील. पण काही जण जाण्याआधी विष (शरीराला अपाय करणारं रसायन) सोडून ठेवतात. त्यातली काही विषं उकळूनही जात नाहीत. चंद्रावरून आलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती काही दिवस कमी असते, हे डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"आतला बर्फाचा भाग तरी?" तिने विचारलं.

"वरचं पाणी सगळीकडे ओघळलंय, सुरीही तीच फिरणार. आईच्या पोटाशी जुगार खेळायचा का?"

तिने नकारार्थी मान हलवली. परसात आम्ही कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा केला आणि वाटा पुरला. परात, चिमटा, कानोशाची सुई, ओटा, हात, सगळं साबणाने धुतलं. मग रेणू पायरीवर बसून रडली. "तिने एकच गोष्ट मागितली होती, आबा."

आता मला कबुली देणं भाग होतं.

"रेणू, नऊ घरांतलं एक घर माझं आहे. जत्रेच्या दिवशीच मी माझ्या वाट्याला सुरी लावली."

"रीत मोडली तुम्ही?"

"माझं माणूस मीच, आणि मी घरीच होतो! अर्ध्या-अर्ध्या किलोचे भाग केले, पिशव्यांत भरले, हवा काढून तळहाताएवढे चपटे केले, तारीख घातली. चपटं पाकीट लवकर गोठतं. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे खडे होतात, ते मांसाच्या पेशी फोडतात. मग वितळताना रस वाहून जातो आणि मटण चोथ्यासारखं लागतं."

"किती पाकिटं आहेत?"

"आठ होती." मी मिशी पुसली. "एक उरलंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच उठून माझ्या घरून ते आणलं. ते डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, म्हणजे पाणी गळून दुसऱ्या कशावर पडायला नको. चार अंशांत ते रात्रभरात वितळणार होतं.

"उद्या आई दमली आणि करायचंच नाही म्हणाली तर?"

"फ्रीजमध्येच वितळलेलं मटण दोन-तीन दिवसांत परत गोठवता येतं. थोडा रस जाईल, पण धोका नाही. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात ठेवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पण मग लगेच शिजवायचं. उरलं तर शिजवलेलंच गोठवायचं."

सकाळी तिने त्या मटणाला कानोसा लावला. दूरवर कुणीतरी घोरत होतं, तेवढंच.

शर्वरी आली, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून, सावकाश चालत. दोन घास खाऊन तिने डोळे मिटले. "हाच तो वास," म्हणाली. उरलेला रस्सा रेणूने दोन तासांच्या आत छोट्या डब्यांत भरून गोठवला, तारखेसकट. आणि आजोळच्या हक्काने जाहीर केलं, "पुढच्या जत्रेला वाटा त्याच दिवशी फोडायचा. परमुलखातल्या माणसाच्या नावाची पाकिटं वेगळी काढायची."

मग शर्वरीने बॅगेतून एक बंद थर्मास काढला. आत काचेच्या नळीत चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या विवरातला बर्फ होता. तिथे ऊन कधीच पोचत नाही. "शाळेत दाखवायला परवानगी मिळालीय," ती म्हणाली. "पूर्ण तपासलाय. काही नाही त्यात."

रेणूने नळीचं बूच काढून कानोशाची सुई बर्फाला टेकवली. आम्ही श्वास रोखून बसलो. पूर्ण शांतता.

"बघ, म्हटलं नव्हतं? मेलेला बर्फ," शर्वरी म्हणाली.

रेणूने यंत्र काढलं नाही.

"शांत आहे, आई," ती हळूच म्हणाली. "मेलेलाच आहे का, ते मी मोठी झाल्यावर बघेन."