तिरपी भयगाळणी

मालवणच्या चेतासंशोधन केंद्रात नवी भयगाळणी पास करायची रीत ठरलेली होती. माणसाचा मनोलेख, म्हणजे मेंदूतल्या लहरींचा आलेख, तिच्यातून एकदा काढायचा. बाहेर पडलेला लेख पुन्हा तिच्यातूनच काढायचा. दोन्ही तंतोतंत जुळले की सही. एकदा भीती गाळली की दुसऱ्यांदा गाळायला उरतं काय?

डॉ. शर्वाणी तेंडोलकरची गाळणी या दुबार चाचणीत पहिल्याच फटक्यात उतरली होती. उद्या सकाळी ती तिच्या धाकट्या भावाच्या, विश्रामच्या मेंदूवर चालायची होती. विश्राम पाणबुड्या. समुद्रतळाशी त्याचा जोडीदार डोळ्यांदेखत गुदमरून गेला, तेव्हापासून हा गडी गुडघाभर पाण्यातही उतरत नव्हता.

"उद्याचं थांबव," गणिताचे पेडणेकर सर दारातूनच म्हणाले.

"दुबार चाचणी झालीय, सर. आणखी काय हवं?"

"तिच्यावर तुम्ही डोळे मिटून विसंबता, हेच तर दुखणं आहे. जमिनीवरच्या सावलीची पुन्हा सावली पडते का? नाही. ऊन डोक्यावरचं असो की संध्याकाळचं. पण डोक्यावरच्या उन्हात सावली वस्तूहून मोठी कधीच होत नाही, आणि तिरप्या उन्हात वाट्टेल तेवढी लांबते. तुझी गाळणी तिरपी आहे, बाई."

"कशावरून?"

"तिची प्रतिगाळणी बनवली मी, आरशातली जुळी म्हण. दोघींना आलटूनपालटून कितीही चालवलं, तरी निघणारा सगळा पसारा अखेर कोनांवर येऊन थांबतो. इथे कोन एकच निघाला, भीती आणि जिद्द यांच्यामधला, पाच अंशांचा. दोघी मनात इतक्या खेटून असतात. भीती काढलीस, की जिद्द साडेअकरा पटींपर्यंत वाढते."

"वाढू दे की! तीच तर हवीय त्याला."

"हवा संपली तरी वर न येणारा पाणबुड्या हवाय तुला?"

शर्वाणीचा पारा चढला. आठ महिने तिने रात्रीचा दिवस केला होता, तो असल्या शंकांसाठी नव्हे. "माझाच मनोलेख काढा," ती म्हणाली. "बहीण आहे मी, उद्याची धास्ती मलाही असणारच. गाळून बघा, किती पट होते ते."

तिने मेंदूच्या लहरी टिपणारा टोप चढवला. लेख आत गेला, बाहेर आला. दोन्हींत टिंबाचाही फरक नव्हता.

सरांचा चेहरा पडला. "शर्वाणी, न बदलता बाहेर पडतो तो फक्त आधीच गाळलेला लेख. कणभरही भीती नसलेलं माणूस जन्माला येत नाही."

तिने प्रयोगाची नोंदवही उघडली. पहिली स्वयंसेवक, आठ महिन्यांपूर्वीची, ती स्वतःच होती. भीतीबरोबर त्या प्रयोगाची आठवणही गळून गेली होती. मग तिने विश्रामची फाइल काढली. सात वेळा त्याने 'नको, ताई' लिहून दिलं होतं, आठव्यांदा सही केली होती. याला ती समजूत काढणं म्हणत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"गाळलेलं कुठे जातं?"

"नियमाने जपून ठेवतो. उरलेल्यात ते मिळवलं की माणूस मूळचा होतो. पण सगळी भीती एकदम अंगावर येईल. नीट विचार कर."

"जोडा," ती म्हणाली, त्याच साडेअकरापट जिद्दीने. या वेळी सर तिच्याशी भांडले नाहीत.

दहा मिनिटांनी तिने विश्रामला फोन लावला.

"ताई? उद्या किती वाजता येऊ?" विश्रामने विचारलं.



"येऊ नकोस रे, बाळा," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली. "मला भीती वाटते."