हिरव्या गाडीतला तिसरा

कोणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. पुरावा हवा असेल त्यांनी माझा डावा पाय बघावा. वाद घालण्याइतकी ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

साल २००२. ऑक्टोबरातली रत्नागिरीची संध्याकाळ, दिवेलागणीच्या थोडी आधीची.

उन्मेष भावोजी म्हणजे माझ्या मालिनीताईचे यजमान. पेशानं दातांचे डॉक्टर, पण वेड मोटारींचं. त्या वर्षी जुन्या मोटारींची मुंबई ते गोवा रॅली होती आणि त्यांना तीत उतरायचं होतं. ही शर्यत नसते. ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. लवकर पोचलात तरी गुण कापतात, उशिरा पोचलात तरी कापतात. त्यामुळे शेजारी घड्याळ घेऊन बसणारा एक माणूस लागतो.

तो बळीचा बकरा मी.

मिरजोळ्याला महिपतच्या गॅरेजात दोन गाड्या विकायला होत्या. दोन्ही जुन्या विलायती स्पोर्ट्स कार, दोन्हींत बरेच फेरफार केलेले. लाल गाडीला मोठं इंजिन बसवलेलं. चढावर ती नुसती उधळायची. हिरवीचं इंजिन मूळचंच, पण ब्रेक नवे. शिवाय मागची छोटी सीट काढून तिथं लोखंडी पाइपांचा पिंजरा घातलेला, गाडी उलटलीच तर डोकी वाचावीत म्हणून.

निघताना ताईनं मला दारात गाठलं.

"विनू, हे लालच्याच मागे लागणार. तू हिरवी घ्यायला लाव. मला बक्षीस नको, माणूस घरी हवा."

दोन्ही गाड्या देवरूखच्या वाटेवर चालवून बघायच्या ठरल्या. त्या वाटेवर एक खिंड आहे. नाव मुद्दामच सांगत नाही. तिथं वाट सांभाळणाऱ्या राखणदार देवाची जागा आहे, एक शेंदूर लावलेला दगड. जाणारा येणारा तिथं थांबतो, विडी ठेवतो, हात जोडतो आणि मगच पुढे जातो. महिपतनं दोनदा बजावलं, "खिंडीत थांबा हां. त्येका विडी दिल्याबिगर कोण जात नाय."

लाल गाडी आधी नेली, नुसता हात बसावा म्हणून. खिंडीत थांबलो, विडी ठेवली. काहीही झालं नाही.

मग हिरवी नेली. या वेळी मी घड्याळ लावलं होतं. खिंड आली तसा मी थांबायला सांगितलं.

भावोजी हसले. म्हणाले, थांबलो तर सरासरी मोडेल, मघाची विडी दोन्ही गाड्यांच्या नावानं धर.

आम्ही न थांबता खिंड ओलांडली.

आणि गाडी मागून... बसली.

जड माणूस मागे चढल्यावर बसते, तशी. भावोजींनी विचारलं, मागे काही ठेवलंयस का. नव्हतं ठेवलं. मागे तर सीटही नव्हती.

मग... विडीचा वास आला.

आम्ही दोघंही ओढत नाही.

मग खोकला. म्हाताऱ्या माणसाचा, छातीत कफ साठलेला खोकला. माझ्या उजव्या खांद्याच्या मागे.

मी वळलो नाही. भावोजींनी आरशात पाहिलं. काय दिसलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला. नजर आरशातच अडकली. समोर उताराचं वळण होतं आणि वळणातून मासळीचा टेम्पो वर येत होता.

गाडी जागच्या जागी थांबली. टेम्पो अगदी घासून निघून गेला.

"विनीत," भावोजी म्हणाले, "माझा पाय ब्रेकवर नव्हता रे."

आम्ही परत फिरलो. गॅरेजच्या फाटकापाशी गाडी मागून हलकेच वर आली. कोणीतरी उतरलं होतं.

भावोजींनी लाल गाडी घेतली. मी हिरवीसाठी वाद घातला. नवे ब्रेक, पिंजरा, ताईचं म्हणणं, सगळं सांगून पाहिलं.

"त्या गाडीत आपण दोघंच नसतो," एवढंच ते म्हणाले.

डिसेंबरात रॅली निघाली. घाट लागला तसे भावोजी आरशात बघू लागले.

"मागे कोणी नाही ना?"

नाही, म्हटलं. खरंच कोणी नव्हतं. वास नाही, खोकला नाही, काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. मग पुन्हा. त्या प्रश्नानं मी अगदी थकून गेलो होतो. पुढचं वळण आलं तेव्हाही ते आरशातच बघत होते...

मला दवाखान्यात जाग आली. पायात सळ्या होत्या. भावोजी जागीच गेले होते.

घरी आणल्यावर ताईला मी खिंडीतलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो सोबतीला आला होता. आणि यांनी त्यालाच टाळलं."

ती अजून तेच धरून बसली आहे. दर अमावास्येला एसटीनं त्या खिंडीत जाते, विडी ठेवते, नारळ फोडते. तिला तेवढाच आधार. मी मान डोलावतो.

कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. सांगवत नाही.

त्या संध्याकाळी टेम्पो निघून गेल्यावर मागून आवाज आला होता. हळू, दमलेला. दिवसभर वाट बघून कंटाळलेल्या माणसाचा असावा तसा. भावोजींनीही तो ऐकला असणार, कारण त्यानंतर लगेच त्यांनी आरसा वर वळवून टाकला.

तो म्हणाला होता...

"आज नको."