यादोरावाला 'खोटं' म्हणायला लावणारा

ऊस गोड आहे का, एवढंच तर विचारलं होतं रुख्मानं!

दिवाळी सरली होती, गावोगावच्या जत्रा, म्हणजे मंडया, सुरू झाल्या होत्या. मंडईत ढोलावर दंडारीचा नाच रंगतो, जिलेबी तळते, आणि लग्नाच्या वयाचे पोट्टे-पोट्टी एकमेकांना चोरून पाहून घेतात... हे का कोणाला सांगायला पाहिजे? तर उसाच्या मोळीशी बसलेल्या पोट्ट्यानं मान वर केली. डोळे असे निर्मळ, की तळ दिसावा.

"शेंड्याकडला फिका हाय," तो म्हणाला. "बुडाकडला गोड हाय. मधातलं मले मालूम नाई."

"काहो, असा धंदा करते का कोनी? गोड हाय म्हना ना!"

"सारा गोड नाई ना."

"मंग इकता कायले?"

"बुडाकडला गोड हाय म्हनून."

रुख्माच्या कपाळावर आठी चढली. तरी बुडाकडला तुकडा घेतलाच तिनं. देता-देता त्याची बोटं तिच्या बांगड्यांना लागली... बांगड्या किणकिणल्या आणि पोट्टा कानापर्यंत लाल झाला. नाव खुशाल, आमगावकडचा, घरची धानाची शेती. तिनं नुसतं म्हटलं, "मी चोरखमाऱ्याच्या यादोरावची," आणि तो आणखीच लाल झाला. कारण यादोरावाचं कोडं पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नव्हतं?

रुख्माचा बाप यादोराव म्हणजे थापांचा धनी. चोरखमारा गावच्या तलावातल्या मरळ माशानं म्हणे त्याची म्हैस गिळली. सहा महिन्यांनी मासा कापला, तर म्हैस आत बसून रवंथ करत होती, अन् शेजारी नवं पारडू! स्वतः असा, आणि दुसऱ्यानं कितीही मोठी थाप हाणली तरी हा मिशी हलू न देता म्हणायचा, "खरं हाय." एका मंडईत फुशारकीच्या भरात साऱ्या गावापुढं बोलून बसला, "मले 'हे खोटं हाय' म्हनायले लावील, त्याले माही रुख्मा देईन!"

पोट्टे यायचे. एक म्हणाला, मी धानाच्या तणसाची शिडी लावून चांदावर चढलो. यादोराव म्हणाला, "खरं हाय. थे सिडी खालून मीच धरली होती." पोट्टा तोंड पाडून घरी गेला. असे किती गेले! आणि रुख्मा मात्र घरातच. आता बापानं ठरवलं होतं, औंदा गावच्या मंडईत कोडं सुटलं नाही तर पोरगी धानाचा व्यापारी टेकचंद याला द्यायची. टेकचंदाची पहिली बायको वारलेली, आणि पांढऱ्या मिशीला काजळ फासून तो रोज यादोरावाच्या ओसरीवर येऊन बसायचा.

गावची मंडई उद्यावर आली, तेव्हा रुख्मा तलावाच्या पाळीवर गेली होती. समोरून खुशाल येताना दिसला.

"इकडं कुठं? ऊस इकायले का?" तिनं मान उडवून विचारलं.

"नाई. तुमाले पाहायले."

हातातली घागर सुटता-सुटता राहिली. काय बाई हा माणूस! जरा आडवळण नाही, लाजणं नाही...

"पाहून झालं असंल तं आयका," ती घाईघाईनं म्हणाली. "उद्या बाबाले सांगा, मागच्या मंडईत तुमी मले रुख्मा देतो म्हनून शबद देला होता. बाबा 'खरं' म्हनल तं शबद पाळा लागल. 'खोटं' म्हनल तं कोडं सुटलं. दोहीकडून मी तुमचीच!"

खुशालनं बराच विचार केला. तलावावरून गार वारा येत होता. रुख्मा वाट पाहत होती, की हा आता म्हणेल, वा रुख्मा, काय डोकं आहे!

"पन त्यायनं शबद कुठं देला?"

"नाईच देला! म्हनूनच तं थे खोटं!"

"मंग मी कसा म्हनू?"

"तोंडानं!"

"मले येत नाई... खोटं."

रुख्मानं कपाळावर हात मारला. "शिकवीन मी. म्हना, हा तलाव दुधाचा हाय."

"पान्याचा हाय."

"अवो, म्हना नुसतं!"

"म्हनून का दूध होते?"

दुपार कलली, बगळे झाडावर परतले, पण तलावाचं दूध काही झालं नाही. शेवटी रुख्मा पाय आपटून ओरडली, "म्हन गा एक डाव! तुले समजत काऊन नाई? उद्या मले टेकचंदच्या घरी धाडतील!"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, तिलाही कळलं नाही. तो हळूच म्हणाला, "रुख्मा... पानीच हाय."

ती घागर न भरताच घरी गेली. रात्री नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलली, "देवा, त्याले एकच खोटं बोलू दे. मंग जनमभर खरं बोलला तरी चालंल!"

मंडईच्या दिवशी यादोराव बाजेवर, शेजारी टेकचंद. दोघं-तिघं थापा मारून हरले. मग खुशाल उठला. बायांच्या घोळक्यात रुख्मानं पदराचं टोक दातात धरलं. म्हण रे बाबा, शिकवलेलं म्हण...

"मामाजी," खुशाल म्हणाला, "मले खोटं येत नाई. एक खरंच सांगतो."

लोक खो-खो हसले. रुख्माला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"तुमच्या रुख्माचा जीव माह्यावर हाय. दुसऱ्या कोनाच्या घरी थे सुखानं नांदनार नाई."

"ख..." यादोरावाची जीभ अडली. खरं म्हणावं तर पोरीला टेकचंदाच्या घरी कसं धाडावं? खोटं म्हणावं तर कोडं सुटलं! जन्मात पहिल्यांदा त्याची मिशी थरथरली. तो बायांकडं वळला, "कावो रुख्मा, तूच सांग. खरं हाय का खोटं?"

सारी मंडई तिच्याकडं पाहू लागली. दंडारीचा ढोल थांबला. तिनं एक 'खोटं' म्हटलं की बापालाही तेच म्हणावं लागून कोडं सुटत होतं, पण हा येडा साऱ्या गावात लबाड ठरत होता. अन् 'खरं' म्हणावं तर... इतक्या लोकांत, बापासमोर?

"खरं हाय!" ती रडवेल्या रागानं ओरडली. "खरं हाय, खरं हाय, खरं हाय! झालं का समाधान?"

यादोरावानं मांडीवर थाप मारली. "आयकलं का गा सारे? खरं हाय! यादोराव आजबी हरला नाई!" आणि त्या आनंदात त्यानं खुशालला ओढून छातीशी धरलं, "चाल जवाई, जिलेबी खाऊ!" टेकचंदानं मिशी पुसली, तर बोटं काळी.

संध्याकाळी रुख्मानं खुशालला दंडारीच्या मागं गाठलं.

"माहा जीव तुह्यावर हाय, असं मी कवा म्हटलं होतं?"

"नाई म्हटलं."

"मंग तुले कसं मालूम?"

"जिले मी नको," तो शांतपणे म्हणाला, "थे अख्खी दुपार माह्यावर चिडून कायले बसल?"

रुख्मानं पदर तोंडाला लावला. गाल तापले, डोळे भरून आले, आणि हसू काही आवरेना.

"जा! मी तुह्याशी कवाच बोलनार नाई!"

खुशालनं तिच्याकडं डोळे भरून पाहिलं.

"हे मातर खोटं हाय," तो म्हणाला.